समास

शनिवारी पहाटे चारला निघते मासेरूची टॅक्सी
आणि मानेओ लेतुका, पाचवीच्या बाई,
अंगावरच्या जाड ब्लँकेटच्या आत पुस्तक धरून बसतात,
वाऱ्याकडे पाठ करून तान्हं मूल धरावं तसं.

पुस्तक जुनं, कुणीतरी वापरलेलं.
आधीच्या मालकाने पेन्सिलीने रेघा मारल्यात
चौथ्या प्रकरणापर्यंत. मग रेघा थांबतात.
त्याचं पुढे काय झालं असेल,
हा प्रश्न त्याच घाटात, त्याच वळणावर येतो.
मुख्याध्यापक झाला असेल. किंवा खाणीत गेला असेल.

मनुष्यबळ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा
तिला दिसली होती लोकरीची पोती,
आणि ती पाठीवर घेऊन खालमानेनं चालणारी माणसं.
आता ती सहाव्या प्रकरणात आहे. कार्यमूल्यमापन.

शाळेत मंजूर पदं सात. भरलेली चार.
त्यातली पुलेंग बाळंतपणाच्या रजेवर.
मुख्याध्यापकांची खुर्ची दोन वर्षं रिकामी,
म्हणजे तिच्यावर खडूची खोकी आणि एक मांजर.
स्वयंपाकीण मात्शेपो कुठल्याच तक्त्यात नाही,
पण रात्री कोणतं पोर उपाशी झोपलं
हे तिला डाव हातात घेण्याआधी कळतं.
मानेओने हे समासात लिहिलं.
रकाना नव्हता.

स्वाध्याय असा :
एका सहकाऱ्याची मुलाखत घ्या,
एक ते पाच गुण द्या, कारणे नोंदवा.

मोकळे होते फक्त न्ताते मोकितिमी.
न्ताते म्हणजे बाप; तिकडे गुरुजींनाही तेच म्हणतात.
यांनीच तिच्या मुठीत पेन्सिल बसवली होती
एकोणीसशे एक्याण्णवच्या हिवाळ्यात.
'खुरपं नाही हे, मुली, चिमणी आहे. दाब कमी.'
आता एका कानाने ऐकू येत नाही,
निवृत्तीला तीन वर्षं,
आणि त्यांच्या दुसरीचा निकाल
बर्फावरून घसरलेल्या शिंगरासारखा, पाय चारी दिशांना.

दोघांमध्ये स्टोव्ह, स्टोव्हवर चहा.
तिने विचारलं, छापलं होतं तसं :
'तुमची बलस्थानं कोणती?'
त्यांनी चांगला कान पुढे केला. तिने पुन्हा विचारलं.
'गुडघे तर नक्कीच नाहीत,' ते म्हणाले.
इथे हसायचं की नाही, पुस्तकात नव्हतं.

दोनाच्या चौकटीवर पेन टेकलं
आणि टेकूनच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.
'लिही,' म्हातारा म्हणाला,
'सुधारणा आवश्यक. ठाऊक आहे मला.
फक्त आवश्यक नीट लिही. तिथे तू तेव्हाही चुकायचीस.'

तिने लिहिलं. नीट लिहिलं.

सोमवारी वर्गनिरीक्षण.
मागच्या भिंतीशी उभं राहून तिने टिपलं :
बैठक असमतोल.
खिडकीकडचे बाक ओस,
दाराकडच्या एकेका बाकावर पाच-पाच पोरं,
कोपरात कोपर, टोकाचा तर अर्धा हवेतच.
तिने लिनेओला विचारलं, पुढचे दात पडलेल्या :
तिकडे इतकी जागा असताना?

पोरगी बघत राहिली,
साधी गोष्ट न कळणाऱ्या मोठ्या माणसाकडे
बघतात तशी.
'तिकडचा कान झोपलाय ना त्यांचा.'

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.
नव्या पोराला जुनं पोर हाताला धरून
दाराकडे सरकवतं, इतकंच.
कुठली सभा नाही, कुठलं परिपत्रक नाही.

स्वाध्याय परत आला. बासष्ट गुण.
खाली लाल शाईत : समासात लिहू नये.

टॅक्सी घाटाला लागली. पुढच्या बाईच्या मांडीवरची
कोंबडी जागी झाली, पुन्हा झोपली.
मानेओने सातवं प्रकरण उघडलं, पेन्सिल काढली.
समास रुंद होता, रस्ता खराब.
दाब कमी,
ती स्वतःशीच पुटपुटली.